एसजीपीटी उतरलं होतं, मग पुन्हा का चढलं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. वडील ६१ वर्षांचे. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, त्यांना कोविडचा न्यूमोनिया झाला आणि ११ दिवस ते ऑक्सिजनवर होते. सुरुवात खोकल्याने झाली नव्हती, जुलाबांनी झाली होती. दवाखान्यात असताना एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, १८४ वर गेलं, घरी आल्यावर जुलैमध्ये ते ४६ वर उतरलं. आता तीन वर्षांनी केलेल्या तपासणीत ते ९६ आलंय. त्याच्याच जोडीचं एन्झाइम एसजीओटी ६२, काविळीत वाढणारं बिलिरुबिन नॉर्मल, प्लेटलेट २ लाख १० हजार, आणि सोनोग्राफीच्या कागदावर ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’. वजन ७४ किलोवरून ८२ झालंय. कोविडनंतर साखर निघाली म्हणून मेटफॉर्मिन चालू आहे. रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतात. आणि जेवण झालं की हात धुवायच्या आधी संडासला पळावं लागतं. तुम्ही विचारता, कोरोनाने बाबांचं लिव्हर आणि पोट कायमचं बिघडवलं का?

मी पोट आणि लिव्हरच्या आजारांची डॉक्टर आहे. २२ वर्षं हेच काम करते आणि कोविडच्या दोन्ही मोठ्या लाटांत वॉर्डात होते. तरी तुमच्या वडिलांच्या पोटाला मी हात लावून पाहिलेलं नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. ते दारू घेतात का आणि किती, काढ्यात गुळवेलीबरोबर आणखी काय पडतं, २०२१ च्या आधी कधी लिव्हरची तपासणी झाली होती का, या गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. त्या कळल्या तर माझं मत थोडं इकडेतिकडे होऊ शकतं.

पण उत्तराचा मोठा भाग तुमच्याच आकड्यांत आहे. १८४, मग ४६, मग ९६. विषाणूने आणि त्या आजारपणाने लिव्हरला जो मार बसला, तो जुलैपर्यंत जवळजवळ भरून आला होता. भरून आलेली ही इजा तीन वर्षांनी आपणहून पुन्हा उघडत नाही. म्हणजे २०२१ चा आजार एक होता आणि आजचा दुसरा आहे. आजचा आजार कोरोनाच्या खात्यावर टाकला की त्याचं खरं कारण शोधायचं राहून जातं, आणि ते कारण बहुतेक वेळा उपाय करण्यासारखं असतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत हे झालेलं मी पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पोटाचं बघू, कारण तिथे कोरोनाचा हात खरोखर होता. हा विषाणू पेशीत शिरतो तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटून. हे प्रथिन फुप्फुसात असतं हे सगळ्यांनी ऐकलंय. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर ते फुप्फुसापेक्षाही दाट असतं, हे फारसं कुणी सांगत नाही. नाकातोंडातून गिळला गेलेला विषाणू जठरातल्या आम्लातून वाचला तर पुढे आतड्यात त्याला दारं उघडीच मिळतात. अस्तराच्या पेशी आजारी पडल्या की पाणी आणि क्षार शोषून घेण्याचं त्यांचं काम ढेपाळतं, सूज येते, आणि जुलाब लागतात. मळमळ, उलटी आणि अन्नावरची वासना उडणं, हे सगळं त्यातलंच.

अमेरिकेत नोंदला गेलेला अगदी पहिला रुग्ण, जानेवारी २०२० मध्ये वुहानहून वॉशिंग्टन राज्यात परतलेला ३५ वर्षांचा माणूस, त्यालाही मळमळ आणि जुलाब होते आणि त्याच्या शौचाच्या नमुन्यात विषाणूचा अंश सापडला होता. पुढे जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा साधारण दर सहा रुग्णांत एकाला पोटाची काही ना काही तक्रार होती असं दिसलं. ज्यांचं शौच तपासलं त्यांतल्या जवळपास निम्म्यांत विषाणूची जनुकीय खूण मिळत होती, आणि काहींमध्ये घशाचा नमुना निगेटिव्ह आल्यावरही कित्येक दिवस मिळत राहिली. म्हणूनच पुण्यासारख्या शहरात सांडपाण्याचे नमुने तपासून साथीचा अंदाज घेता आला. अर्थात खूण मिळाली म्हणजे जिवंत, लागण करणारा विषाणू मिळाला असं नव्हे. या कोरोनाचा फैलाव मुख्यतः श्वासावाटेच झाला. याच घराण्यातल्या सार्सच्या वेळी, २००३ मध्ये, हाँगकाँगच्या अॅमॉय गार्डन्स या वसाहतीत मात्र बाथरूमच्या जमिनीतल्या कोरड्या पडलेल्या जाळ्यांतून सांडपाण्याच्या नळातली दूषित हवा घरांत आली आणि ३०० हून जास्त लोक आजारी पडले. त्यांतल्या बहुतेकांना जुलाब होते.

हे सगळं मला २०२० च्या सुरुवातीला पुरतं उमगलेलं नव्हतं. त्या मे महिन्यात एक बाई माझ्याकडे तीन दिवसांच्या जुलाबांनी आल्या. ताप अंगावर राहील इतकाच, खोकला अजिबात नाही. मी बाधलेलं अन्न समजून औषध दिलं आणि घरी पाठवलं. पाचव्या दिवशी त्या धाप लागून परत आल्या. त्या बऱ्या झाल्या, पण त्यांच्या सासूबाईंना लागण झाली आणि त्यांना फार भोगावं लागलं. तेव्हापासून साथीच्या काळात नुसते जुलाब घेऊन आलेल्या माणसालाही मी वास येतो का, घरात कुणाला ताप आहे का हे विचारल्याशिवाय सोडत नाही. तुमच्या वडिलांची सुरुवात जुलाबांनी झाली ती विषाणूचीच होती, याबद्दल मला शंका नाही.

लिव्हरची गोष्ट वेगळी आहे. लिव्हरच्या मुख्य पेशींवर एसीई-२ कमी असतं. पित्तनलिकांच्या अस्तरावर ते त्यामानाने जास्त असतं. म्हणून सुरुवातीला वाटलं होतं की हा विषाणू कावीळ करणार. तसं झालं नाही. दवाखान्यात भरती झालेल्या रुग्णांत एसजीओटी-एसजीपीटी वाढणं फार सर्रास दिसलं, पण ते बहुतेकांत नॉर्मलच्या दुपटी-तिपटीपर्यंतच गेलं, बिलिरुबिन बव्हंशी जागेवर राहिलं आणि आजार ओसरला तसे आकडेही उतरले. लिव्हर निकामी झालं ते बहुतेक अशांचं, ज्यांचे बाकीचे अवयवही त्याच वेळी हार मानत होते, किंवा ज्यांचं लिव्हर आधीपासूनच खराब होतं.

मग १८४ कशाने झालं? मी वॉर्डात असा आकडा पाहायचे तेव्हा मनात चार-पाच कारणं एकत्र असायची. ऑक्सिजन ८५-८८ वर उतरलेला असेल तर लिव्हरच्या त्या भागाला आधी झळ बसते जिथे रक्त सर्वांत शेवटी पोचतं. शरीरभर पेटलेली दाहाची लाट लिव्हरलाही होरपळते. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. इटलीत मृत्यूनंतर तपासलेल्या लिव्हरमध्ये असे रक्तवाहिन्यांचे बदल ठळकपणे दिसले होते. शिवाय एसजीओटी हे स्नायूंतूनही येतं. तापात अंग ठेचल्यासारखं दुखत असलेल्या माणसाचं एसजीओटी जास्त आणि एसजीपीटी कमी वाढलेलं दिसलं की मी लिव्हरकडे बघण्याआधी स्नायूंची तपासणी, सीपीके, सांगायचे.

आणि औषधं. २०२१ च्या त्या एप्रिलमध्ये रेमडेसिविरसाठी नातेवाईक रात्र रात्र मेडिकलच्या दारात रांगा लावत होते. त्या इंजेक्शनने लिव्हरचे आकडे वाढतात. एसजीपीटी नॉर्मलच्या दहापटीवर गेलं तर ते थांबवायचं, असा नियम होता. दाह आवरण्यासाठी दिलेल्या टोसिलिझुमॅब या औषधानेही आकडे वाढतात. घरी असताना घेतलेली फॅविपिराविर, अॅझिथ्रोमायसिन, डॉक्सी, आयव्हरमेक्टिन, आणि दर सहा तासांनी पॅरासिटामॉल, अशी मूठभर गोळ्यांची पुडी त्या काळात घराघरांत पोचली होती. यातलं नेमकं कशाने किती वाढवलं हे तेव्हा भरतीच्या रुग्णातही वेगळं काढता येत नसे, आज तर अजिबात येणार नाही. पण ते काढायची गरजही नाही. ही सगळी कारणं मे महिन्यात संपली आणि जुलैत आकडा ४६ झाला.

आता आजच्या ९६ कडे या. इथे एसजीपीटी जास्त आहे आणि एसजीओटी कमी. दारूने लिव्हर सुजतं तेव्हा बहुधा उलटं दिसतं, एसजीओटी दुप्पट असतं. कोविडच्या आजारपणातही एसजीओटीच पुढे असायचं. एसजीपीटी पुढे, वजन आठ किलोंनी जास्त, साखर, आणि सोनोग्राफीत चरबी. हे चित्र मी आठवड्यातून कित्येकदा पाहते. कोविडने त्याला हातभार लावला तो अप्रत्यक्षपणे. स्टेरॉइडने साखर उघडी पडली, आजारपणानंतर ‘अशक्तपणा भरून काढायचा’ म्हणून खारीक, डिंकाचे लाडू, दूध-तूप वाढलं, आणि चालणं थांबलं. आपल्याकडे आजारातून उठलेल्या माणसाला भरवणं ही माया आहे, ती मला कळते. पण आठ किलो हे भरून आलेलं बळ नाही. त्यातली बरीचशी चरबी आहे आणि तिचा एक वाटा लिव्हरमध्ये जाऊन बसलाय.

माझा अंदाज असा की फॅटी लिव्हर कदाचित २०२१ च्या आधीही असेल. मागे एका निवृत्त शिक्षकांना त्यांचा मुलगा असाच घेऊन आला होता, कोरोनाने लिव्हर गेलं म्हणून. मी जुने कागद मागितले. २०१७ च्या एका तपासणीत एसजीपीटी ७१ होतं. तेव्हा ते कुणी मनावर घेतलं नव्हतं, कारण सरांना काही त्रास होत नव्हता.

‘ग्रेड २’ या शब्दाने तुम्ही घाबरलेल्या दिसता, म्हणून तेही सांगते. सोनोग्राफीतला ग्रेड म्हणजे लिव्हरमध्ये चरबी किती दिसते त्याचा डोळ्यांनी घेतलेला अंदाज. कॅन्सरच्या स्टेजसारखा तो नसतो. लिव्हर किती कडक झालंय, आत व्रण धरलेत का, हे त्यातून कळत नाही, आणि आपल्याला खरी काळजी असते ती व्रणांची. त्यासाठी एक सोपं गणित आहे, त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने. वडिलांचे आकडे घातले तर ६१ गुणिले ६२ म्हणजे ३७८२. ९६ चं वर्गमूळ साधारण ९.८, गुणिले २१० म्हणजे २०५८. उत्तर आलं १.८४. हे १.३ च्या खाली असतं तर मी निश्चिंत राहा म्हटलं असतं. २.६७ च्या वर असतं तर ताबडतोब पुढच्या तपासण्या सांगितल्या असत्या. ते मधोमध आहे, म्हणून फायब्रोस्कॅन करून घ्या, त्यात लिव्हर किती कडक झालंय ते मोजतात. सोनोग्राफीसारखीच, न दुखणारी, दहा-पंधरा मिनिटांची तपासणी आहे. चार तास काही न खाता जायचं.

गुळवेलीबद्दल लिहिताना मला सांभाळून लिहावं लागतं, कारण ती आपल्या अंगणातली आहे आणि आजीच्या हातची आहे. पण लिहायलाच हवं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना लिव्हरची गंभीर सूज आल्याची नोंद लिव्हरतज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातली सूज बरीचशी अशी होती, जिच्यात शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी गुळवेलच होती का, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे तपासलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद केली. गुळवेल घेतलेल्या लाखो लोकांना काहीच झालेलं नाही हेही खरं आहे. पण जिच्या घरात आधीच फॅटी लिव्हर आणि साखर आहे, तिने वडिलांना तीन वर्षं रोज काढा द्यावा, असं मी म्हणू शकत नाही. प्रतिकारशक्तीसाठी म्हणून सुरू केलेली गोष्ट कधी थांबवायची हे कुणी सांगितलंच नाही, तीच अडचण आहे.

म्हणून पहिली पायरी: काढा आज बंद करा. त्याबरोबर चालू असेल ते ‘लिव्हर टॉनिक’ही. सहा आठवड्यांनी फक्त लिव्हरची तपासणी पुन्हा करा. आकडा झपाट्याने उतरून चाळिशीत आला तर काढ्याचा मोठा वाटा होता हे कळेल. जेमतेम हलला तर चरबीचा. चढला तर प्रतिकारशक्ती लिव्हरवर उलटलीय का हे पाहणाऱ्या तपासण्या, एएनए आणि आयजीजी, लगेच कराव्या लागतील. या सहा आठवड्यांत दुसरं कुठलंही नवं औषध किंवा चूर्ण सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. याच वेळी हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी एकदा झालीय का ते पाहा. स्टेरॉइड आणि टोसिलिझुमॅब यांनी सुप्त असलेला हिपॅटायटिस बी जागा होऊ शकतो. ज्यांनी २०२१ मध्ये भरपूर स्टेरॉइड घेतली त्यांच्या बाबतीत ही तपासणी मी कधीच सोडत नाही.

आता ते जेवणानंतरचं पळणं. इथे मला दोन संशयित दिसतात आणि दोन्ही तुमच्याच पत्रात आहेत.

पहिलं मेटफॉर्मिन. साखरेचं फार चांगलं औषध आहे, माझ्या घरातही आहे. पण पातळ शौच, जेवणानंतर घाई, पोटात गुडगुड, गॅस हे त्याचे नेहमीचे त्रास आहेत, आणि काहींना ते औषध चालू असेपर्यंत राहतात. वडिलांचा पोटाचा त्रास नेमका कधीपासून सुरू झाला हे शांतपणे आठवून पाहा. दवाखान्यातून आल्यापासून अखंड चालू आहे, की मधे दोन-तीन महिने बरं होतं आणि साखरेची गोळी सुरू झाल्यावर सुरू झालं? दुसरं असेल तर साखरेच्या डॉक्टरांना सांगा. हळूहळू विरघळणारी गोळी, कमी मात्रा, जेवणाच्या मधोमध घेणं, यातल्या एखाद्या बदलाने पुष्कळांचं पोट आठवड्याभरात सुधारतं. गोळी स्वतःहून मात्र बंद करू नका. साखर वाढली तर लिव्हरच्या चरबीचंही बिघडतं.

दुसरा संशयित कोरोनाच, पण त्याने मागे ठेवलेल्या रूपात. आतड्याच्या कुठल्याही मोठ्या संसर्गानंतर काही जणांची आतडी बरी होऊनही हळवी राहतात. यालाच संसर्गानंतरचा आयबीएस म्हणतात. टायफॉइडनंतर, अमीबानंतर आपण तो वर्षानुवर्षं पाहत आलोय. अनेक देशांतल्या रुग्णालयांनी मिळून भरती झालेल्या रुग्णांचा एक वर्ष पाठपुरावा केला, तेव्हा कोविड झालेल्यांत ३.२ टक्क्यांना नव्याने आयबीएस झाला होता आणि कोविड न झालेल्यांत ०.५ टक्के लोकांना. म्हणजे धोका वाढतो, पण शंभरातल्या सत्त्याण्णव जणांना तो होत नाही. कारणं पुरती सुटी केलेली नाहीत. आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंची वस्ती या आजारात विस्कटते हे हाँगकाँगच्या अभ्यासांत दिसलं, आणि विषाणू गेल्यानंतरही ती बराच काळ विस्कटलेलीच राहते. त्यावर आपण त्या काळात अँटिबायोटिकचा मारा केला, तेव्हा जी वस्ती उरली होती तीही उठली.

मात्र पन्नाशीनंतर पहिल्यांदाच बदललेल्या शौचाच्या सवयीला कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, केल्याशिवाय मी आयबीएस म्हणत नाही. वजन वाढलंय, रक्त जात नाही, रात्री झोपेतून उठावं लागत नाही, या सगळ्या दिलाशाच्या गोष्टी आहेत. तरी तीन वर्षांचा त्रास आणि वय ६१, एवढं कोलोनोस्कोपीसाठी पुरे आहे. ती एकदा स्वच्छ आली की सगळ्यांच्याच मनावरचं ओझं उतरतं, आणि वडिलांचंही पोट त्या दिलाशाने थोडं शांत होतं, हे मी पुष्कळांत पाहिलंय. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ हेही त्याच खेपेला पाहून घ्या. मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होतं.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणी ना कुणी विचारेलच. दूध बंद करून ताक आणि दही चालू ठेवा. संसर्गानंतर दुधातली साखर पचवण्याची ताकद काही काळ, काहींची कायमची, कमी होते. दोन आठवडे दूध न घेता पाहिलं की कळतं. भात-वरण, ज्वारीची भाकरी, दुधी-पडवळासारख्या भाज्या, केळं, डाळिंब हे चालतं. कच्चा कांदा, भरपूर हरभरा-वाटाणा आणि पहाटेचा उपाशीपोटी चहा हे काही दिवस बाजूला ठेवून पाहा. लिव्हरसाठी मात्र पदार्थांपेक्षा वजनाचा काटा महत्त्वाचा. ८२ किलोतले चार किलो उतरले की लिव्हरमधली चरबी कमी होऊ लागते, आणि सहा किलोंच्या आसपास गेलं की सूजही हटायला लागते. हे सहा-आठ महिन्यांत व्हावं, दोन महिन्यांत नको. रात्रीच्या जेवणातला भात आणि गोड अर्धं करणं, आणि रोज पाऊण तास घाम येईल असं चालणं, एवढ्यावर माझ्या कितीतरी रुग्णांनी ते साधलंय. दारू घेत असतील तर ती पूर्ण बंद, थोडीसुद्धा नको.

कोरोनाने लिव्हरला कायमचा मार दिला असे रुग्णही मी पाहिलेत, म्हणून ते चित्र कसं असतं तेही सांगते. तुम्ही पडताळून पाहू शकता. कित्येक आठवडे आयसीयूत, व्हेंटिलेटरवर राहिलेल्या मोजक्या लोकांत पित्तनलिका आतून आकसत गेल्या. त्यांच्यात अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी, म्हणजे पित्ताची वाट अडली की रक्तात चढणारी एन्झाइम्स, फार वाढतात, अंगाला खाज सुटते, कावीळ येते आणि ती हटत नाही. काहींना लिव्हर प्रत्यारोपणापर्यंत जावं लागलं. तुमच्या वडिलांच्या कागदात अल्कलाइन फॉस्फेटेजचा आकडा असेलच, तो पाहा. तो नॉर्मल असेल तर ही भीती सोडून द्या. दुसरा गट ज्यांना आधीच सिरॉसिस होता, म्हणजे ज्यांचं लिव्हर व्रणांनी कडक झालेलं होतं, त्यांचा. २९ देशांतल्या ७४५ लिव्हर रुग्णांच्या नोंदीत सिरॉसिस नसलेल्यांतले ८ टक्के दगावले आणि सिरॉसिस असलेल्यांतले ३२ टक्के. सिरॉसिस सर्वांत पुढच्या पायरीवर होता त्यांच्यात तर निम्मे. वडिलांच्या फायब्रोस्कॅनमध्ये लिव्हर कडक झाल्याचं निघालं तर पुढच्या प्रत्येक संसर्गासाठी ते जपण्याच्या गटात येतील. लसीची पुढची मात्रा, फ्लूची लस, हिपॅटायटिस बीची लस याबद्दल तेव्हा डॉक्टरांशी बोलायचं.

पुन्हा कधी कोविड झालाच, तर जुलाब-उलट्यांसाठी जलसंजीवनी हाताशी ठेवा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोटघोट पाजत राहा. साखर असलेल्या माणसालाही जुलाबात हे चालतं, फक्त साखर तपासत राहायची. तापाची साडेसहाशेची गोळी दिवसातून चारच्या पुढे नको. आणि सर्दीच्या तयार गोळीतही पॅरासिटामॉल असतं हे विसरू नका. दोन वेगवेगळ्या नावांखाली तेच औषध दुप्पट पोटात गेलेले रुग्ण माझ्याकडे दर पावसाळ्यात येतात. जुलाब आहेत म्हणून आपल्या मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका, विषाणूवर त्याचा उपयोग नसतो.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. डोळे पिवळे होणं, लघवी चहासारखी गडद होणं, शौच डांबरासारखं काळं किंवा रक्ताचं होणं, बोलण्यात किंवा झोपेच्या वेळांत विचित्र बदल. आणि कोविडच्या दिवसांत किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत पोटात असह्य दुखायला लागलं, पण पोट दाबून पाहिलं तर मऊच लागतंय, तर ते आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचं लक्षण असू शकतं. तिथे तासांचा हिशेब असतो, सकाळची वाट पाहायची नाही.

तुमच्या गावात पोटविकारतज्ज्ञ नसतील तर पहिले सहा आठवडे तुमचे नेहमीचे डॉक्टरही हे सगळं सांभाळू शकतात. फायब्रोस्कॅन आणि कोलोनोस्कोपीसाठी एकाच खेपेत जिल्ह्याच्या ठिकाणी जा, वडिलांची दोनदा दगदग होणार नाही. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं, काढ्याची उरलेली पुडी आणि २०२१ चा डिस्चार्ज कागद एका पिशवीत घ्या. आणि घरात कपाट उपसून त्याआधीचा एखादा रक्ततपासणीचा कागद सापडतो का पाहा, विम्याच्या वेळचा, ऑफिसच्या तपासणीचा, कसलाही. सापडला तर तो डॉक्टरांसमोर सगळ्यात वर ठेवा.